माजी विद्यार्थ्यांचा सन्मान कसा करावा : बडोद्याच्या एका निवृत्त हेडक्लार्कच्या सूचना

माजी विद्यार्थ्यांचा सन्मान करायचं ठरलं की मंडळी आधी हॉल बघायला निघतात. मग शाली, मग पाहुणे, मग केटरर. सन्मान कोणाचा, हे मात्र शेवटच्या पंधरवड्यात फोनाफोनीवर उरकतं. त्यामुळे जी नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत त्यांच्याच खांद्यावर दरवर्षी शाल पडते, आणि ज्यांना शाळाच विसरली ते विसरलेलेच राहतात. मी दांडिया बाजाराकडच्या एका शाळेच्या कचेरीत नोकरी केली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आता माजी विद्यार्थी मंडळाच्या सन्मानाचं काम बघते. कार्यक्रम दोन तासांचा असतो, पण त्याच्यामागे सहा महिने लागतात आणि त्यातले पाच कागदात जातात. ज्यांना हे काम अंगावर घ्यायचं आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

तारीख आधी

बडोद्यात या कार्यक्रमाला डिसेंबरचा शेवटचा रविवार सगळ्यात सोयीचा. परदेशातली मंडळी नाताळच्या सुट्टीत घरी आलेली असतात. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुरता, म्हणजे आपला धनुर्मास. त्या दिवसांत गुजराती घरांत लग्नं होत नाहीत, त्यामुळे मांडववाले, खुर्च्यावाले, फोटोग्राफर सगळे मोकळे असतात आणि भावही नीट बोलतात. नवरात्रात काही ठेवायचा विचारसुद्धा करू नका. उतरायणाच्या १४ आणि १५ जानेवारीला तर अख्खं गाव गच्चीवर पतंग उडवत असतं. त्यानंतर बोर्डाच्या परीक्षा डोक्यावर येतात आणि हेडमास्तर शाळेचं अंगणही देत नाहीत. डिसेंबरचा रविवार धरलात तर कामाला जूनमध्ये, शाळा उघडल्याबरोबर, लागायला हवं.

अकोट्याचं सर सयाजी नगरगृह किंवा गांधी नगरगृह घ्यावं असं मंडळातल्या कोणाला तरी दरवर्षी वाटतं. मोठ्या हॉलात तीनशे माणसं म्हणजे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. शाळेचं पटांगण घ्या. ज्या बाकावर बसून मार खाल्ला तो बाक बघायला माणूस अमेरिकेहून येतो, नगरगृहाची गादीची खुर्ची बघायला येत नाही.

समितीत कोण

पाच जण पुरेत. एक सध्या शिकवणारे सर किंवा बाई, एक कचेरीतला माणूस, एक जुन्या अकरावीच्या मॅट्रिकवाल्यांपैकी, एक पस्तिशीच्या आतला, आणि पाचवा असा की ज्याचं घर आपल्या नेहमीच्या गल्ल्यांत नाही. या पाचव्याबद्दल मी हट्टी आहे. दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ इथल्या चार मराठी घरांतली माणसं एकत्र बसली की नावंही त्याच चार घरांतली निघतात. कोणाच्या मनात खोट नसते, ओळखच तेवढी असते. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. ते शिकून १९१७ साली संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा याच बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही. त्यानंतर त्यांनी जिथे बसून संकल्प केला, त्या सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर आज आपण हार घालतो. हे ज्या गावात घडलं, त्या गावातल्या शाळेने यादी करताना मागच्या बाकावर कोण बसत होतं हे मुद्दाम विचारलं पाहिजे.

नाव सुचवणाऱ्याने चर्चेच्या वेळी बाहेर जाऊन चहा प्यावा, हा नियम पहिल्याच बैठकीत करून टाका. नंतर केलात तर तो कोणाविरुद्ध तरी केल्यासारखा वाटतो.

निकष लिहून काढा, नावं नंतर

एकही नाव घेण्याआधी निकष कागदावर आणा आणि पाचांच्या सह्या घ्या. आमचे असे आहेत. दरवर्षी चारच सन्मान, त्यातले निदान दोन लोकांसाठी केलेल्या कामाचे. शाळेचे ट्रस्टी, त्या वर्षीचे देणगीदार आणि निवडणुकीला उभे राहणारे यांना बंदी. शाळेत एक वर्ष काढलेलं असलं तरी तो माजी विद्यार्थी, पास झाला की नापास हे बघायचं नाही. आठवीतून शाळा सुटलेल्या आणि पुढे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांना आम्ही बोलावलं होतं. ते रविवारी घरी लोकांच्या मोडक्या व्हीलचेअर दुरुस्त करून देतात, स्पेअर पार्टचे तेवढे पैसे घेतात. ‘मी तर शाळा सोडलेला,’ असं ते म्हणत होते. सोडली म्हणून काय झालं, नाव तर आमच्याच रजिस्टरात आहे.

मोठं पद हे मोठं काम असतंच असं नाही, आणि उलटही खरं नाही. इस्रोतला शास्त्रज्ञ आणि पोरींना फुकट मल्लखांब शिकवणारा आखाड्यातला दादा यांना एका तराजूत घालता येत नाही, म्हणून गुण देण्याचे तक्ते मला फारसे पटत नाहीत. पहिली चाळणी लावायला ठीक आहेत. शेवटचा निर्णय बोलूनच करा आणि का केला ते चार ओळींत लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी ‘यांना का नाही दिला?’ म्हणून कोणीतरी येणारच.

गेलेल्या माणसाचा सन्मान करावा का, हा वाद दरवर्षी होतो. वर्षाला एक ठेवा, चारांच्या बाहेर, आणि घरच्यांना विचारूनच.

जनरल रजिस्टर उघडा

नावं सुचवा असा मेसेज बॅचच्या ग्रुपवर टाकलात की डॉक्टर, इंजिनिअर आणि कॅनडा एवढंच येईल. तो मेसेज टाकाच, पण खरा शोध कचेरीतल्या जी.आर.मध्ये, म्हणजे जनरल रजिस्टरमध्ये असतो. हेडमास्तरांची लेखी परवानगी घ्या, रजिस्टर कचेरीबाहेर नेऊ नका आणि पानांचे फोटो काढून ग्रुपवर फिरवू नका. त्यात जात, जन्मतारीख, वडिलांचा धंदा सगळं असतं, आणि ते दुसऱ्याचं आहे.

रजिस्टर कसं वाचायचं ते सांगते, कारण मी ते वर्षानुवर्षं भरलं आहे. डावीकडे नंबर, मग नाव, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता. उजवीकडे प्रगती, वर्तन, सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. प्रगतीच्या रकान्यावर वेळ घालवू नका. तिथे ‘ठीक’ आणि वर्तनात ‘चांगलं’ असं आम्ही क्लार्क लोक एका दमात लिहीत सुटायचो. सोडण्याचं कारण मात्र खरं असतं. ‘वडिलांची बदली’, ‘फी बाकी’, ‘घरकाम’, ‘लग्न’. दहा वर्षांची पानं त्या एका रकान्यावर बोट ठेवून वाचा आणि ‘फी बाकी’वाल्यांची वेगळी यादी करा. त्यांतले काही जण पुढे कुठे पोचले हे शोधायला लागा. आमच्या यादीतली सगळ्यात चांगली नावं तिथून निघाली.

मुलींचं सांगायलाच हवं. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींसकट. बडोद्यात मुलींना शाळेत घालण्याचं अप्रूप आपल्याला तेव्हापासून नाही. रजिस्टरात त्या सापडतात, पण लग्नानंतर हरवतात. आडनाव बदलतं, कधी नावही बदलतं, गाव तर बदलतंच. म्हणून सन्मानाच्या जुन्या याद्या काढून बघा, सगळे पुरुष. यावर उपाय साधे आहेत. नामांकनाच्या अर्जात ‘माहेरचं नाव’ हा रकाना पहिल्या ओळीत घाला. रजिस्टरात भावाचं नाव त्याच आडनावाने दोन-तीन पानं पुढेमागे सापडतं, आणि भाऊ बहुधा गावातच असतो. त्याला गाठा. भिशीच्या आणि हळदीकुंकवाच्या बायकांना विचारा. कोण कुठे दिली हे त्यांना जसं ठाऊक असतं तसं कुठल्याच माजी विद्यार्थी मंडळाला नसतं.

जुने पटावाळे, म्हणजे शाळेचे शिपाई, हयात असतील तर त्यांना जरूर भेटा. मास्तरांना हुशार मुलं आठवतात. पटावाळ्याला उशिरा येणारी, डबा न आणणारी आणि सुट्टीनंतर नळाखाली पाय धुणारी मुलंसुद्धा आठवतात.

खात्री

ऐकीव गोष्टीवर शाल घालू नका. प्रत्येक नावाला तीन गोष्टी जोडा: एक कागद, ते काम डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस, आणि समितीतल्या कोणीतरी केलेली एक भेट. भेट म्हणजे कामाच्या जागी. घरी गेलात तर चहा-पोहे आणि शोकेसमधल्या ट्रॉफ्या बघून परत याल.

ट्रॉफ्यांबद्दल सावध राहा. नोंदणी फी भरली की ‘राष्ट्रीय रत्न’ नाहीतर ‘समाजभूषण’ देणाऱ्या मंडळींची देशात कमी नाही, आणि मानद डॉक्टरेटही अशीच मिळते. कोणी मानद असेल तर तसं लिहा, नावाआधी नुसतं ‘डॉ.’ लावू नका. पद्म पुरस्काराचं सांगितलं असेल तर गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वर्षवार याद्या आहेत, दोन मिनिटांत कळतं. आणि खरोखरच पद्मश्री असेल तरी निमंत्रणपत्रिकेवर ‘पद्मश्री अमुक अमुक’ असं छापू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निकाल दिला आहे की हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत, ते नावाच्या पुढे किंवा मागे लावता येत नाहीत. मजकुरात ‘अमुक साली पद्मश्री सन्मान’ असं लिहिलं की झालं.

क्रिकेटवाल्यांची तपासणी बडोद्यात विशेष करावी लागते. १९४७ च्या मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागीदारी केली, ती इथेच. हजाऱ्यांचे २८८, गुल महंमदांचे ३१९. त्या वयातले या गावातले सगळेच आजोबा त्या दिवशी मैदानावर होते असं सांगायचे, त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवला तर मैदान कमाटीबागेपर्यंत, म्हणजे सयाजीबागेपर्यंत, गेलं असतं. तसंच ‘रणजी खेळलो’चं आहे. शिबिरात असणं, राखीव असणं आणि मैदानात उतरणं या तीन वेगळ्या गोष्टी. प्रथम श्रेणीच्या सामन्यांचे धावफलक सगळे उपलब्ध आहेत. बघून घ्या आणि जे खरं आहे ते अभिमानाने लिहा. राखीव खेळाडूने पुढे तीस वर्षं पोरांना शिकवलं असेल तर सन्मान त्या शिकवण्याचा करा.

संस्था चालवणारे असतील तर नोंदणी क्रमांक मागा आणि चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत हिशेब भरले जातात का ते विचारा. मागताना लाजू नका. ज्यांचे हिशेब नीट असतात ते फाइल स्वतःच पुढे करतात.

विचारायचं कसं

निवड झाल्यावर आधी पत्र पाठवू नका, फोन करा, किंवा गावात असतील तर जाऊन या. संमती घ्या. सगळ्यांनाच स्टेजवर उभं राहायला आवडत नाही, आणि काहींच्या कामात गाजावाजा झाला तर कामाचंच नुकसान होतं. त्याच फोनमध्ये देणगीचा विषय काढलात तर सन्मान विकला असं समजा.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका सिस्टरना मी फोन केला तेव्हाचं बोलणं असं झालं.

‘अहो बाई, मी काय केलंय? पगार घेतला, नोकरी केली.’

‘सिस्टर, तुम्ही पेशंट घरी गेल्यावर त्यांना पोस्टकार्डं लिहायचात ना?’

‘ते तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘पादरा गावच्या एका बाईंनी. त्यांनी तुमची तीन कार्डं जपून ठेवली आहेत.’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, ‘येईन. पण आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंना बोलवा. ड्रेसिंगच्या वेळी पेशंटला धरून बसायच्या त्या. त्यांना पहिल्या रांगेत बसवा.’

असा प्रश्न विचारता यायला हवा. ‘आपल्या कार्याबद्दल’ म्हणालात की समोरचा माणूस नाही म्हणतो. पोस्टकार्डाचं म्हणालात की त्याला कळतं, यांनी खरोखर चौकशी केली आहे.

मानपत्र

सगळ्या कार्यक्रमात टिकणारी वस्तू ही एकच. शाल कपाटात जाते, नारळ वड्यांत जातो, मानपत्र भिंतीवर राहतं आणि नातवंडं ते वाचतात. तरी बहुतेक ठिकाणी ते छापखान्यातल्या तयार मजकुरावर नाव बदलून येतं: ‘आपल्या बहुआयामी व्यक्तिमत्त्वाने व निरलस सेवेने आपण समाजात अढळ स्थान निर्माण केले असून...’ हे डॉक्टरालाही चालतं, सावकारालाही चालतं. मजकूर लिहून झाला की नाव खोडून यादीतल्या दुसऱ्याचं घालून बघा. तरी बसत असेल तर कागद फाडा.

सिस्टरांचं मानपत्र आम्ही असं केलं:

‘तुम्ही आमच्या शाळेत सातवीपासून अकरावीपर्यंत होता. वडील गेल्यावर दहावीची फी दोन हप्त्यांत भरल्याची नोंद शाळेत आहे. नर्सिंग शिकून तुम्ही जळित वॉर्डात रुजू झालात आणि बदली मागण्याची संधी मिळूनही निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलात. भाजलेल्या जखमा भरताना कातडी आखडते, व्यायाम केला नाही तर बोटं वाकडी राहतात, हे तुम्ही नातेवाइकांना व्हरांड्यात बसवून शिकवलंत. पेशंट घरी गेल्यावर ‘बोटं रोज उघडता ना?’ असं विचारणारी पोस्टकार्डं स्वतःच्या पैशाने पाठवलीत. त्या बोटांनी आज कोणी भाकरी थापतं, कोणी शिवणयंत्र चालवतं. शाळा तुमचा सन्मान करते आहे.’

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. एवढं लिहायला दोन भेटी, पादऱ्याची एक खेप आणि रजिस्टरातल्या फीच्या पावत्या लागल्या. फीचा उल्लेख ठेवायचा का, हे आधी त्यांनाच विचारलं होतं. ‘ठेवा की, त्यात लाज कसली,’ म्हणाल्या. दुसऱ्या एका गृहस्थांनी नापास झाल्याची ओळ काढायला लावली, ती काढली. मानपत्रातला शब्दन् शब्द सन्मान घेणाऱ्याने आधी वाचलेला असावा. स्टेजवर धक्का देणं हे सिनेमात ठीक आहे.

सव्वाशे शब्दांच्या वर जाऊ नका. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती असं छापा. आमच्याकडचे निम्मे सत्कारमूर्ती आता घरात गुजराती बोलतात आणि त्यांची सुना-नातवंडं तर गुजराती किंवा इंग्रजीच वाचतात. मुद्रितं दोन जणांनी वेगवेगळी तपासावीत, नाव, आडनाव आणि साल बोट ठेवून. छापखान्याला शेवटच्या आठवड्यात दिलंत तर चूक तशीच फ्रेममध्ये जाते.

वाचायला नववीतल्या मुली-मुलांना उभं करा. आठवडाभर तालीम घ्या, आणि ज्याचं मानपत्र वाचायचं त्या माणसाशी त्या मुलाचं एकदा फोनवर बोलणं करून द्या. ज्याला आपण भेटलो आहोत त्याच्याबद्दल पोरगं वेगळं वाचतं. व्यावसायिक सूत्रसंचालक चारोळ्या म्हणतो, त्याला पैसे देऊन आपलाच कार्यक्रम लांबवू नका.

त्या दिवशी

सकाळी दहाला सुरू, बाराला चहा. स्टेजवर खुर्च्या दोनच: हेडमास्तर आणि अध्यक्ष. अध्यक्ष म्हणून शाळेतले निवृत्त सर किंवा बाई आणा. पुढाऱ्याला आणलंत तर तो उशिरा येतो, त्याच्यासाठी सगळे थांबतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो त्याचा येतो. सत्कारमूर्तींना स्टेजवर दोन तास बसवून ठेवू नका. प्रेक्षकांत त्यांच्या वर्गमित्रांच्या शेजारी बसवा, नाव पुकारलं की तिथून उठून येऊ दे. त्या पंधरा पावलांत जी टाळी वाजते ती खुर्चीवरून उठून मिळत नाही.

एकेकाला दहा मिनिटं: मानपत्राचं वाचन, शाल-श्रीफळ, आणि त्यांचे चार शब्द. परदेशातून येऊ न शकणाऱ्याचं आधी रेकॉर्ड केलेलं दोन मिनिटांचं बोलणं लावा. लाइव्ह जोडण्याच्या फंदात पडू नका. ‘सर, आवाज येतोय का?’ यात कार्यक्रम बुडतो.

काचेच्या ट्रॉफीऐवजी आम्ही जनरल रजिस्टरातली त्या माणसाची ओळ फ्रेम करून देतो. फक्त त्याची ओळ. वरची-खालची आणि जातीचा रकाना झाकून, हेडमास्तरांच्या सहीने. त्यावर त्या वेळच्या क्लार्कचं निळ्या शाईतलं अक्षर असतं आणि बऱ्याचदा दाखल करताना वडिलांनी केलेली सही किंवा अंगठा. व्हीलचेअर दुरुस्त करणाऱ्या काकांना ती फ्रेम दिली तेव्हा त्यांनी मानपत्राकडे पाहिलंच नाही. अंगठ्याच्या ठशावर काचेवरून आपला अंगठा ठेवून बघत होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, ‘बघ, बाबांचा.’

फुलं खंडेराव मार्केटमधून सकाळी आणा, प्रत्येकाला एक गुच्छ, हारांचे ढीग नकोत. जेवण ठेवू नका. चहा, लीलो चिवडा आणि पेढा, बस. जेवण ठेवलं की लोक भाषणात घड्याळ बघतात आणि अर्धं बजेट तिकडे जातं.

पैसे

इथे थोडक्यात, पण नीट ऐका. मंडळाला ८०जी, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी आयकर खात्याची मान्यता, असेल तर दोन हजार रुपयांच्या वरची रोख देणगी घेऊ नका, देणाऱ्याला करसवलत मिळत नाही आणि वाद तुमच्याशी होतो. चेक किंवा यूपीआय. परदेशातल्या माजी विद्यार्थ्याने पैसे देऊ केले तर पहिला प्रश्न पासपोर्टचा. पासपोर्ट भारतीय असेल तर त्याचा स्वतःचा पैसा ही परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन किंवा कॅनेडियन नागरिक झाला असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि एफ.सी.आर.ए., म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ‘अहो, आपलाच मुलगा आहे’ हे कायद्याला सांगता येत नाही. शंका असेल तर सी.ए.ला विचारल्याशिवाय खात्यात एक पैसा येऊ देऊ नका.

कार्यक्रमातून उरलेल्या पैशात फी थकलेल्या एका मुलाची किंवा मुलीची वर्षाची फी भरा. कोणाची भरली हे स्टेजवरून सांगू नका. ते मूल समोर बसलेलं असतं.

नंतरचं

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गावात असलेल्या सत्कारमूर्तींना प्रत्येकी एक तास द्या, नववी-दहावीच्या वर्गात. भाषण नको. मुलांनी विचारावं, त्यांनी सांगावं. मल्लखांबवाल्या दादांनी वर्गातला बाक बाजूला सारून दोन पोरींना जमिनीवरच पवित्रा शिकवला, आणि दहावीच्या मुलांनी इस्रोवाल्यांना आधी पगार विचारला. त्यांनी सांगितलाही.

सन्मानाचं एक पक्कं बांधलेलं रजिस्टर करा. वर्ष, नाव, माहेरचं नाव, जी.आर. नंबर, मानपत्राचा पूर्ण मजकूर, ज्यांच्याकडून खात्री केली त्यांची नावं. एक प्रत शाळेच्या लायब्ररीत, एक कचेरीत. मंडळाच्या सेक्रेटरीच्या घरी ठेवू नका. सेक्रेटरी बदलतो, फ्लॅट बदलतो, रजिस्टर जातं.

निवड न झालेले अर्ज फाडू नका. फाइल करून त्यावर ‘का नाही’ ते पेन्सिलीने लिहा आणि जूनमध्ये ती फाइल सगळ्यात आधी उघडा. ज्यांनी नावं सुचवली होती त्यांना जानेवारीतच, उतरायण झाल्यावर, फोन करून कळवा. मेसेज नको, फोनच. त्यातले दोघं-तिघं रागावतील, बोलू द्या. राग ओसरला की तेच आणखी एक नाव सांगतात, ते तिथेच पेन्सिलीने लिहून घ्या.